गुहेतला छद्मविंचू : रूप आणि खूण

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत साताऱ्याच्या बाजूच्या एका घळीत मी ओल्या दगडाखालून दीड मिलिमीटर लांबीचा एक जीव उचलला. रंग दुधासारखा, डोळे दिसत नव्हते, पुढे दोन नाजूक चिमटे. घरी येऊन जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्या रात्री झोप लागली नाही. फिकट रंग, डोळ्यांचा अभाव आणि काळोखातले घर, म्हणजे हा खास गुहेत राहणारा छद्मविंचू, आणि बहुधा विज्ञानाला अपरिचित, असे मी मनाशी ठरवूनही टाकले. या विषयातल्या एका जाणकारांना मी चार पानी पत्र आणि छायाचित्रे पाठवली. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते : "चिमट्यावरचे संवेदी केस मोजलेत का?"

मी मोजले नव्हते. मोजल्यावर काय निघाले ते पुढे सांगतो, कारण ते कळण्यासाठी आधी हा प्राणी नीट पाहायला हवा. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही. कारखान्याच्या टूलरूममध्ये मोजमाप तपासण्याचे काम पंचवीस वर्षे केले. सुट्टे भाग वरून सारखे दिसतात आणि मायक्रोमीटर लावला की वेगळे निघतात, हे त्या कामाने शिकवले होते. तरीही घळीतल्या त्या जिवाच्या बाबतीत मी वरच्या दिसण्यालाच फसलो. तसा मी एकटाच नव्हे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या क्षेत्रातली मोठमोठी माणसे याच जागी अडखळली आहेत.

शेपूट नसलेला विंचू

छद्मविंचू हा कीटक नाही. कोळी, विंचू, गोचीड यांच्या वर्गात त्याचा स्वतंत्र गण आहे आणि जगभरात त्याच्या सुमारे ४,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक जाती दोन ते पाच मिलिमीटरच्या आत. पाचोळ्याखाली, झाडाच्या सालीमागे, पक्ष्यांच्या घरट्यांत, जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत ते राहतात आणि आपल्याहून बारीक किडे, कोळिष्टे खातात. ग्रंथालयातले जुने पुस्तक उघडल्यावर पानावरून उलटा सरकणारा, खेकड्याच्या पिल्लासारखा ठिपका दिसला तर तो हाच. पुस्तकांत राहणाऱ्या या बिनशेपटीच्या विंचवाचा उल्लेख अ‍ॅरिस्टॉटलने केला आहे. रॉबर्ट हुक याने १६६५ सालच्या आपल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्याचे वर्णन आणि चित्र दिले.

विंचवाशी साम्य आहे ते पुढच्या मोठ्या चिमट्यांपुरते. मागे शेपूट नाही, नांगी नाही. शरीराचे दोन भाग : पुढे एकसंध ढालीसारखे पाठकवच आणि मागे बारा खंडांचे पोट, ज्यातला शेवटचा खंड अगदी लहान असतो. डोळे असलेच तर ढालीच्या पुढच्या कडेला, दोन्ही बाजूंना एक किंवा दोन. म्हणजे एकूण दोन किंवा चार. माणसाला चावून इजा करण्याची त्याची ताकद नाही.

अवयवांच्या सहा जोड्या असतात. पहिली जोडी तोंडापुढच्या लहान चिमट्यांची. त्यांना मी मुखचिमटे म्हणतो. भक्ष्य फाडणे हे त्यांचे एक काम, आणि दुसरे काम रेशीम काढण्याचे. कोळ्याचे रेशीम पोटाच्या टोकातून येते. छद्मविंचवाच्या रेशीमग्रंथी शरीराच्या पुढच्या भागात असतात आणि त्यांची तोंडे मुखचिमट्याच्या हलत्या बोटाच्या टोकाशी उघडतात. कात टाकताना किंवा अंडी सांभाळताना तो या रेशमाची लहानशी बंद खोली बांधतो. मादी अंडी जमिनीवर टाकत नाही. पोटाखाली पिशवीत घेऊन फिरते आणि आतल्या गर्भांना स्वतःच्या शरीरातला पोषक द्रव पुरवते.

दुसरी जोडी मोठ्या चिमट्यांची. आपल्या दंड, कोपर, मनगटासारखे तिचे खंड एकापुढे एक जोडलेले असतात. शेवटी फुगीर 'हात' आणि दोन बोटे, एक स्थिर आणि एक हलते. काही कुलांमध्ये या बोटांत विषग्रंथी असतात. कुठे दोन्ही बोटांत, कुठे फक्त हलत्या, कुठे फक्त स्थिर बोटात, तर काही कुलांत मुळीच नाहीत. उरलेल्या चार जोड्या चालण्याच्या पायांच्या.

अंधार काय बदलतो

आता हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या गुहेत राहू लागला तर काय होते? खोल गुहेत प्रकाश नसतो. हवेत जवळजवळ पूर्ण ओल असते, तापमान वर्षभर फारसे हलत नाही आणि अन्न कमी व विखुरलेले असते. वटवाघळांची विष्ठा, पाण्याबरोबर वाहून आलेला पाचोळा, भिंतीवरच्या बुरशा आणि त्यांवर जगणारे सूक्ष्म कीटक, एवढ्यावर सारा संसार चालतो.

डोळ्यांचा उपयोग संपला की ते टिकवून ठेवणारा निवडीचा दाबही संपतो. डोळे लहान होतात, भिंगे सपाट होतात, शेवटी नाहीशी होतात. कवचातला रंग उतरतो. याउलट स्पर्शाची आणि हवेच्या हालचालीची जाण महत्त्वाची ठरते. पाय आणि चिमटे लांब, सडपातळ होतात, कारण अंधारात जितके दूरवर चाचपता येईल तितके बरे. बऱ्याच गुहावासी जाती बाहेरच्या नातेवाइकांपेक्षा आकारानेही मोठ्या असतात. पोर्तुगालच्या अल्गार्व्ह भागातल्या गुहांतून २०१० साली वर्णन झालेल्या एका छद्मविंचवाला तर 'टिटॅनोबोकिका मॅग्ना' असे नाव मिळाले, म्हणजे नावातच त्याचे राक्षसीपण आले.

यातली गोम अशी की हे बदल एकाच घराण्यात झालेले नाहीत. वेगवेगळी कुले, वेगवेगळे वंश, वेगवेगळ्या खंडांतल्या गुहांत शिरले आणि अंधाराने सगळ्यांना जवळपास एकच रूप दिले. सगळे आंधळे, फिकट, लांब हातापायांचे. वाळवंटातल्या निरनिराळ्या घराण्यांच्या झाडांना सारखेच काटे यावेत तसे. त्यामुळे गुहेतला छद्मविंचू ओळखायचा असेल तर पहिला प्रश्न हा की समोर दिसणाऱ्या लक्षणांपैकी गुहेने दिलेले कोणते आणि पूर्वजांनी दिलेले कोणते. पहिल्या प्रकारच्या लक्षणांवरून राहणी कळते. नाते कळते ते दुसऱ्यांवरून. मी त्यांना 'रूप' आणि 'खूण' म्हणतो.

पोस्तोयनाचा धडा

हा फरक विज्ञानाला कसा उमगत गेला ते पाहायचे तर आजच्या स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना येथे जावे लागेल. चुनखडीच्या या प्रदेशात पाण्याने दगड विरघळवून मैलोन्‌मैल गुहा कोरल्या आहेत. इथल्या भूमिगत पाण्यात राहणारा 'प्रोटिअस' हा आंधळा उभयचर अठराव्या शतकापासून माहीत होता. पण कोरड्या गुहेत खास गुहेचेच असे किडे असतील ही कल्पना कोणाला नव्हती. १८३१ साली गुहेत दिवे लावण्याचे काम करणाऱ्या लूका चेच याला एक विचित्र, लांब पायांचा, फुगीर पोटाचा भुंगा सापडला. पुढच्या वर्षी फर्डिनंड श्मिट याने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. गुहांच्या जीवशास्त्राची सुरुवात इथून धरतात. ती एका दिवाबत्तीवाल्याच्या नजरेमुळे झाली, हे माझ्यासारख्याला विशेष वाटते.

त्यानंतर डेन्मार्कचा प्राणिशास्त्रज्ञ शिओड्टे या गुहांत आला. त्याने १८४७ साली येथल्या एका छद्मविंचवाला 'ब्लोथ्रस स्पेलेअस' असे नाव दिले. डोळे अजिबात नाहीत, चिमटे अतिशय लांब आणि सडसडीत. बाहेरच्या कोणत्याही छद्मविंचवाशी त्याचे रूप जुळत नव्हते, म्हणून त्याने त्याच्यासाठी स्वतंत्र वंश केला. त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे हे बरोबरच होते.

अडचण पुढे आली. बाल्कन प्रदेशातल्या आणि दक्षिण युरोपातल्या गुहांतून असेच आंधळे, लांब चिमट्यांचे जीव सापडत गेले आणि 'डोळे नाहीत' या कारणाने ते 'ब्लोथ्रस'च्या पेटीत पडत राहिले. दरम्यान हेही दिसले की चिमटे, पाय, मुखचिमटे यांची मूळ ठेवण पाहिली तर हे सारे जंगलातल्या पाचोळ्यात राहणाऱ्या 'नियोबिसियम' या सामान्य वंशाचेच आहेत. व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयातले माक्स बायर हे विसाव्या शतकातले या गणाचे सर्वांत मोठे अभ्यासक. त्यांच्या १९६३ सालच्या युरोपीय छद्मविंचवांच्या ग्रंथात 'ब्लोथ्रस' हा 'नियोबिसियम'चा उपवंश म्हणून येतो आणि उपवंशांची वाटणी मुख्यतः डोळ्यांच्या संख्येवर आहे : चार, दोन आणि शून्य. पोस्तोयनाच्या प्राण्याचे नाव आज 'नियोबिसियम स्पेलेअम' असे लिहितात.

ही वाटणी हाताळायला सोयीची आहे, पण तिच्यावर नाते उभे करता येत नाही. डोळे जाणे ही एकदाच घडलेली घटना असती तर सगळे आंधळे एकाच आंधळ्या पूर्वजाचे वंशज ठरले असते. प्रत्यक्षात निरनिराळ्या पूर्वजांनी निरनिराळ्या डोंगरांत आपापले डोळे गमावले. नुसते 'डोळे नाहीत' म्हणून एका गटात घालणे म्हणजे गावातल्या सगळ्या चष्मेवाल्यांना एका आडनावाचे समजण्यासारखे आहे.

खुणा कुठे असतात

मग खरी खूण शोधायची कुठे? या प्रश्नाला शिस्त लावली ती अमेरिकन अभ्यासक जोसेफ चेंबरलिन यांनी. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात छद्मविंचवाच्या शरीराचा बारीकसारीक भाग नाव देऊन मांडला आहे. आजही अभ्यासक मुख्यतः त्याच भाषेत बोलतात.

पहिली खूण पायांच्या टोकाशी. पायाचा शेवटचा भाग, म्हणजे पाऊल, एका खंडाचे आहे की दोन खंडांचे, हे पाहायचे. एका मोठ्या गटात चारही जोड्यांची पावले एका खंडाची असतात. दुसऱ्यात चारही जोड्यांची दोन खंडांची. तिसऱ्या गटात पुढच्या दोन जोड्यांना एक खंड आणि मागच्या दोन जोड्यांना दोन. गुहेत राहून पाय कितीही लांब झाला तरी हा हिशोब बदलत नाही. 'नियोबिसियम' दुसऱ्या गटात येतो.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची खूण मोठ्या चिमट्याच्या बोटांवर. तिथे इतर केसांपेक्षा वेगळे, लांब, अतिशय तलम असे काही केस असतात. प्रत्येक केस एका वाटीसारख्या खोबणीत बसवलेला असतो. हवा किंचित हलली तरी तो डुलतो आणि मुळाशी असलेल्या चेतापेशीला खबर देतो. अंधारात चालणाऱ्या भक्ष्याची चाहूल अशी लागते. बहुतेक जातींच्या प्रौढ प्राण्यात स्थिर बोटाच्या बाजूला असे आठ आणि हलत्या बोटावर चार केस असतात. चेंबरलिनच्या पद्धतीत प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे, ते अक्षरांनी लिहितात : केस बाहेरच्या बाजूचा की आतल्या, मुळाशी, टोकाशी की त्यांच्या अलीकडे, हे त्या अक्षरांवरून कळते. हे केस एकमेकांच्या तुलनेत कुठे बसले आहेत त्यावरून कुल आणि बऱ्याचदा वंश ठरवता येतो. उदाहरणार्थ, क्थोनिइडी या कुलात आतल्या बाजूचे दोन केस बोट सोडून हाताच्या पाठीवर येऊन बसलेले असतात. हे एकदा दिसले की बाकी प्राणी कितीही लांब, आंधळा असो, कुलाबद्दल शंका उरत नाही. 'नियोबिसियम' आणि त्याचा जवळचा नातेवाईक 'रोंकस' यांच्यात गोंधळ झाला तर हातावर, बाहेरच्या मूळ केसांच्या मागच्या अंगाला, अतिसूक्ष्म केसांचा पुंजका आहे का ते बघतात. 'रोंकस'मध्ये तो असतो.

तिसरी खूण बोटांच्या दातांची : किती, टोकदार की बोथट, एकमेकांना चिकटून की अंतराने, शेवटपर्यंत की मध्येच थांबलेले. चौथी मुखचिमट्यांवर : रेशीम सोडणारे टोक फांद्यांचे आहे की नुसता उंचवटा, आणि मुखचिमट्याच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या पिसासारख्या केसांच्या जुडीत पाती किती. पाचवी पायांच्या मुळाशी : काही कुलांत तिथे काटेरी केसांचे पुंजके असतात, काहींत नसतात. त्यानंतर जननेंद्रियांच्या झाकणांवरची केसरचना, तिच्यावरून नर-मादीही कळते.

मोजमापे सर्वांत शेवटी. चिमट्याच्या प्रत्येक खंडाची लांबी आणि रुंदी घेऊन त्यांचा भागाकार करायचा. समजा एखादा खंड १.२० मिलिमीटर लांब आणि ०.१५ मिलिमीटर रुंद असेल तर गुणोत्तर ८. हे गुणोत्तर जवळच्या दोन जाती वेगळ्या करायला उपयोगी पडते. पण ते अंधाराच्या प्रभावाखाली सहज बदलणारे लक्षण आहे. एकाच वंशातल्या दोन जातींची तुलना करताना ते वापरावे. वंश ठरवण्यासाठी वापरले तर ब्लोथ्रसची गोष्ट पुन्हा घडते.

माझे मोजमाप

आता त्या घळीतल्या प्राण्याकडे वळतो. ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेला नमुना खोलगट काचपट्टीवर घेतला आणि लॅक्टिक आम्लाच्या थेंबात ठेवला. या आम्लाने आतला मऊ भाग हळूहळू पारदर्शक होतो आणि कवचावरचे केस उठून दिसू लागतात. घाई केली की केस तुटतात आणि तुटलेला केस फक्त रिकामी वाटी मागे ठेवतो, तीच शोधावी लागते. तीन रविवार गेले.

हलत्या बोटावर केस होते तीन. स्थिर बोटाच्या बाजूला सात.

कुठेतरी एक-एक केस तुटला असेल म्हणून मी रिकाम्या वाट्या शोधल्या, नव्हत्या. दुसरा चिमटा पाहिला, तिथेही सात आणि तीन. मग चेंबरलिनच्या पद्धतीवर आधारलेले तक्ते पुन्हा वाचले आणि जाणकारांनी एका ओळीत काय विचारले होते ते ध्यानात आले. छद्मविंचू प्रौढ होण्याआधी तीन बालावस्थांतून जातो आणि दर अवस्थेत केस वाढतात. पहिल्या अवस्थेत स्थिर बोटाकडे तीन व हलत्यावर एक, दुसऱ्या अवस्थेत सहा व दोन, तिसऱ्यात सात व तीन, आणि शेवटची कात टाकल्यावर आठ व चार. माझा प्राणी तिसऱ्या अवस्थेतले पिल्लू होता. तो फिकट होता कारण पिल्लांचे कवच फिकटच असते. डोळेही होते. आम्लात पारदर्शक झाल्यावर बाजूने प्रकाश टाकला तेव्हा ढालीच्या कडेला दोन सपाट, रंगहीन भिंगे दिसली. आतल्या बाजूचे दोन केस हाताच्या पाठीवर होते, म्हणजे क्थोनिइडी. पाचोळ्यात सर्वत्र राहणाऱ्या या कुलातले एक पोर पावसाच्या पाण्याबरोबर घळीत वाहत आले होते, किंवा ओल शोधत चालत आले होते. जात कोणती, हे पिल्लावरून ठरवता येत नाही.

त्या चार पानी पत्राची मला आजही लाज वाटते. पण तेव्हापासून कोणताही नमुना आला की मी आधी वय मोजतो, मग पावले, मग केसांच्या जागा, आणि रंग व डोळे सगळ्यात शेवटी. गुहेत सापडलेला प्रत्येक प्राणी गुहेचा नसतो. काही पाहुणे असतात, काही आत-बाहेर दोन्हीकडे सुखाने राहतात, आणि थोडेच असे असतात जे बाहेर जगूच शकत नाहीत. यातले कोण कोणते, हे नमुन्यांची संख्या, प्रौढ नर-मादी आणि परिसरातल्या बाहेरच्या पाचोळ्याची तपासणी केल्याशिवाय सांगता येत नाही.

एका नावावर काय काय टांगलेले असते

इतक्या बारीक केसांचा हिशोब करून कोणाचे काय भले होते, असे मला घरीदारी विचारतात. त्याचे उत्तर म्हणून मी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातली हकिकत सांगतो.

ऑस्टिन शहराच्या आसपासची जमीन चुनखडीची आणि भोकाभोकांची आहे. तिथल्या 'टूथ केव्ह' या गुहेतल्या एका आंधळ्या छद्मविंचवाचे वर्णन विल्यम मचमोर यांनी १९६९ साली केले. लांबी सुमारे चार मिलिमीटर, कुल पोस्तोयनाच्या प्राण्याचेच. सुरुवातीला तो 'मायक्रोक्रिआग्रिस' या वंशात ठेवला गेला. पुढे खुणा नीट तपासल्यावर तो वंश आशियातल्या जातींचा ठरला आणि टेक्सासच्या प्राण्याला 'टार्टारोक्रिआग्रिस टेक्साना' हे नाव मिळाले.

शहर वाढत गुहांच्या माथ्यावर आले. १९८८ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने हा छद्मविंचू आणि त्याच परिसरातले आणखी चार गुहावासी संधिपाद प्राणी संकटग्रस्त म्हणून जाहीर केले. नंतर शास्त्रज्ञांनी यादीतल्या दोन जाती तपासून सांगितले की या प्रत्येकी एक नसून दोन-दोन आहेत. सरकारने १९९३ साली यादी दुरुस्त केली आणि पाचांचे सात झाले. नव्याने वेगळ्या ठरलेल्यांचेही संरक्षण कायम राहिले. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ओढलेली रेघ कायद्याच्या कागदावर उमटली.

त्या जमिनीवर बांधकाम करू पाहणारे न्यायालयात गेले. एका राज्यातल्या काही गुहांबाहेर कुठेच नसणाऱ्या, ज्यांचा कसलाही बाजार नाही अशा किड्यांसाठी केंद्राचा कायदा लागू कसा होतो, असा त्यांचा सवाल होता. २००३ साली अपील न्यायालयाने संरक्षणाच्या बाजूने निकाल दिला आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. त्या खटल्यातल्या सहा जातींत आपला चार मिलिमीटरचा छद्मविंचू होता. त्याला नाव नसते, किंवा तो बाहेरच्याच एखाद्या जातीचा फिकट नमुना निघाला असता, तर त्याच्या वतीने उभे राहण्यासारखे काहीच नव्हते. चूक उलट बाजूनेही होऊ शकते. पाचोळ्यातल्या पिल्लाला दुर्मीळ गुहावासी ठरवून कोणाची जमीन अडवली तर तो त्या माणसावर अन्याय आहे, आणि पुढच्या वेळी खऱ्या गुहावासीयावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. माझी चूक टेबलावरच थांबली, एवढेच माझे नशीब.

या प्राण्यांच्या बाबतीत अचूकपणा एवढा लागतो त्याचे कारण त्यांचा लहानसा पसारा. खास गुहावासी छद्मविंचू एका चुनखडीच्या डोंगरातून दुसऱ्यात जाऊ शकत नाही, मध्ये पसरलेले ऊन आणि कोरडी हवा त्याच्यासाठी समुद्रासारखी असते. म्हणून एकेका जातीचे सारे जग एक-दोन गुहांपुरते असू शकते. पोस्तोयना ज्या दिनारिक पर्वतरांगेत आहे तिथल्या छद्मविंचवांचा डीएनए तपासणारा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की एकच समजल्या गेलेल्या काही जातींच्या आत वेगवेगळ्या जाती दडलेल्या आहेत आणि त्यांचा पसारा फार छोटा आहे. डीएनएमुळे केस मोजण्याचे काम संपले असे मात्र नाही. जनुकांनी 'हे दोन वेगळे आहेत' असे सांगितल्यावर पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे येऊन, मग यांच्यातला फरक दिसतो कुठे, हे शोधावेच लागते. संग्रहालयातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यांशी पडताळा घ्यायचा असेल तेव्हा बहुधा केस आणि दात हाच आधार उरतो.

आपल्याकडे

भारतात या प्राण्यांवर काम झालेले आहे. मूर्ती आणि अनंतकृष्णन यांचा भारतीय छद्मविंचवांवरचा ग्रंथ १९७७ साली निघाला. गुहांच्या बाबतीत मेघालयातल्या गारो टेकड्यांमधली सिजू गुहा प्रसिद्ध आहे. १९२२ साली केम्प आणि चोप्रा यांनी आत शिरून तिथल्या प्राण्यांचा पद्धतशीर संग्रह केला आणि तो १९२४ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सह्याद्रीचा दगड मात्र बसाल्ट. तो चुनखडीसारखा विरघळत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या घळी बऱ्याचदा उथळ, उजेडाला जवळच्या असतात. अशा ठिकाणी सापडलेल्या फिकट जिवाबद्दल तर दुप्पट सावध राहायला हवे, हे मी अनुभवाने सांगतो.

कोणाला या वाटेने जायचे असेल तर खर्च फार नाही. पांढऱ्या कापडावर झटकलेला पाचोळा, ओला बारीक कुंचला, अल्कोहोलची लहान बाटली आणि तिच्या आत, बाहेर नव्हे, शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी : जागा, तारीख, कशाखाली सापडला, उजेड किती होता. गुहेत एक-दोनच नमुने घ्यावेत, कारण तिथे ते थोडेच असतात. दगड उचलला तर होता तसाच परत ठेवावा. संरक्षित स्मारके आणि वनक्षेत्रे येथे परवानगीशिवाय काहीही उचलू नये.

घळीतले ते पिल्लू माझ्या कपाटात अजून आहे. चिठ्ठीवर मी आधी उत्साहाने 'गुहावासी, नवी जात?' असे लिहिले होते. ते खोडले नाही. खाली दुसऱ्या ओळीत लिहिले आहे : 'क्थोनिइडी. तिसरी बालावस्था. केस ७ अधिक ३. जात ठरवता येत नाही.' माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी तीच बाटली हातात देतो आणि केस मोजायला बसवतो.